फुलपाखरांचं पाणी

लढाईच्या दिवसांत आम्ही कर्जतच्या बाहेर, माथेरानच्या डोंगराकडे तोंड केलेल्या एका बंगल्यात राहत होतो. बंगला आमचा नव्हता. मालक मुंबईला असत, माझे यजमान तिथे माळी होते आणि मागच्या अंगाच्या दोन खोल्यांत आमचा संसार होता. माझं माहेर खालापूरकडचं. वडील शाळेत मास्तर, म्हणून मला चौथीपर्यंत शिकवलेलं. ते शिक्षण त्या घरात कामाला आलं, आणि त्यानेच मला त्या वर्षी अशा जागी नेऊन उभं केलं की ती अजून विसरता येत नाही.

बंगल्यात मालकांच्या थोरल्या बहीण एकट्या राहत. त्यांना सगळे आक्का म्हणत. साठी उलटलेली, लवकर वैधव्य आलेलं, मूलबाळ नाही. संधिवाताने गुडघे धरलेले आणि हाताची बोटं वाकडी झालेली. सकाळी मी त्यांना धरून व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत आणून बसवायची. त्यांचा स्वयंपाक मी करायची, वर्तमानपत्र मी वाचून दाखवायची, आणि महिन्याला भावाला जाणारं पत्रही मीच लिहायची, त्या सांगतील तसं. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. ती दिवसभर आक्कांच्या पायाशी खेळत बसे.

दिवाळी होऊन गेल्यावर एकदा आक्का म्हणाल्या, "एवढी झेंडूची, तगरीची फुलं आहेत. पण फुलपाखरं येतात आणि लगेच निघून जातात. असं का गं होतं?"

मला काय ठाऊक असणार. पण त्याच वेळी वरच्या ठाकरवाडीतली बाई लाकडाची मोळी घेऊन आली होती. ती आठवड्यातून एकदा यायची, कधी मोळी, कधी कंद, कधी मध. तिने मोळी खाली टाकली आणि हसत म्हणाली, "माथेरानच्या वाटेला घोडी मुततात ना, तितं जाऊन बगा. पाखरांचा ढीग बसलेला असतो. फुलात गोड मिळतं. खारट कुटनं मिळनार त्यांना?"

आक्कांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याच दिवशी यजमानांना बोलावून घेतलं. यजमानांनी व्हरांड्यासमोर, सकाळचं ऊन येईल आणि वारा लागणार नाही अशा भिंतीच्या आडोशाला, मातीचं एक पसरट ताट काठापर्यंत जमिनीत पुरलं. त्यात उल्हास नदीची बारीक वाळू भरली आणि वर गोटे मांडले. मधमाशीला पाय टेकायला जागा लागते, नाहीतर ती पाण्यात पडून मरते, हे त्यांना माहीत होतं. पाणी वाळू ओली राहील इतकंच, वर साचेल असं नाही, नाहीतर डास होतात. वाळूत चुलीतली मूठभर राख, गोठ्यातल्या ओल्या मातीचा एक गोळा आणि चिमूटभर खडेमीठ. ठाकरीण बाईने बजावलं होतं, "मीठ लई घालू नका. जिभंला कळंल न कळंल इतकंच."

चौथ्या दिवशी पहिली आली, लहान पिवळी. मग पांढरी, मग काळ्यावर निळे ठिपके असलेली. पंख मिटून ती वाळूवर ओळीने बसत आणि सोंड खुपसून पीत राहत. माणूस जवळ गेला तरी उठत नसत. कुंपणाच्या भिंतीतल्या पोकळीत सातेरी मधमाश्यांचं पोळं होतं, त्या तर दिवसभर येत-जात. यजमान म्हणायचे, "दुधीला औंदा फळ जास्त धरलंय. माश्या हालत नाहीत मांडवावरून." आक्का खुर्चीत बसून फुलपाखरं मोजायच्या. माझी मुलगी त्यांच्याकडून आकडे शिकली ती फुलपाखरांवर.

माघ संपता संपता बंगल्याच्या विहिरीचं पाणी खाली गेलं आणि गढूळ यायला लागलं. दर उन्हाळ्यात तसं होई. मग यजमान डोंगराच्या पायथ्याच्या झऱ्यावरून कावडीने पिण्याचं पाणी आणत, रॉकेलच्या दोन रिकाम्या डब्यांतून. त्या वर्षी एका डब्याचा तळ गंजून गळायला लागला. रॉकेलच मिळत नव्हतं, तर डबा कुठून मिळणार. यजमानांनी बंगल्यामागच्या कोठीत शोधलं, तेव्हा जुन्या फळ्यांच्या मागे त्यांना एक चांगला जाड पत्र्याचा डबा सापडला. आत कसलासा पांढुरका थर होता. त्यांनी आत गवत पेटवून तो जाळला, राख आणि वाळूने दोनदा घासला. डबा लखलखीत निघाला. चांगला दिसणारा डबा अर्थातच आक्कांच्या स्वयंपाकघरात ठेवला आणि जुना पोचे आलेला आमच्याकडे.

आक्कांच्या घरात काही वाया घालवायचं नाही अशी शिस्त होती. रोज सकाळी कावड यायच्या आधी त्यांच्या डब्यात तळाला तांब्याभर पाणी उरलेलं असे. ते मी फुलपाखरांच्या ताटात ओतायची.

फाल्गुनात एका सकाळी ताटाच्या काठावर मला पाच-सहा पांढरी फुलपाखरं पडलेली दिसली. ऊन चढायला लागलं होतं, मला वाटलं उन्हाने झालं असेल. मी ती केरात टाकली. दुसऱ्या दिवशी जास्त होती. मधमाश्या वाळूवर उताण्या पडून गरगर फिरत होत्या आणि फिरता फिरता थांबत होत्या. यजमान म्हणाले, "मीठ जास्त पडलं असेल तुझ्या हातनं." मी मीठ बंद केलं, वाळू धुऊन परत भरली, राखही घातली नाही. त्या वाळूवर मी रोज सकाळी तेच डब्याचं पाणी ओतत होते.

व्हरांड्यातून आक्कांनी विचारलं, "आज किती मेली?"

त्यांनी असं विचारावं याचं मला नवल वाटलं, कारण मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. "आठ-दहा असतील," मी म्हटलं.

"मधमाश्या?"

"त्या मोजल्या नाहीत."

"मोजत जा," त्या म्हणाल्या आणि डोंगराकडे बघत राहिल्या.

त्याच सुमारास आक्कांची तब्येत बिघडली. पोटात कळा यायच्या, खाल्लेलं पडायचं. तळपायांना मुंग्या येतात, जमीन लागतच नाही म्हणायच्या. गावातून डॉक्टर आले, त्यांनी उन्हाळा बाधलाय म्हणून गुलाबी औषधाची बाटली दिली. औषध पाण्यातून घ्यायचं होतं. मी अगदी वेळेवर देत होते. माझ्या मुलीचंही पोट दोन-तीनदा बिघडलं, पण लहान मुलांचं ते चालायचंच म्हणून मी तिला जायफळ उगाळून दिलं.

मग आक्कांचं वागणं बदललं. माझ्याशी बोलेनाशा झाल्या. वर्तमानपत्र नको म्हणाल्या. मी पाणी दिलं की "ठेव तिथे" म्हणायच्या, आणि थोड्या वेळाने भांडं रिकामं दिसायचं. तहान नाही म्हणून दोन वेळ दूधच मागायच्या, तेही गवळ्याने घातलेलं तसंच, तापवायला माझ्याकडे न देता. शहाळी आणायला सांगायच्या आणि ती यजमानांकडून आपल्यासमोर फोडून घ्यायच्या. व्हरांड्याच्या कठड्यावर त्यांनी एक चिनी मातीची बशी ठेवली होती, तिच्यात थोडं पाणी असे. मला वाटलं, तिकडे ताटाजवळ पाखरं मरतात म्हणून यांनी इथे वेगळी सोय केली. पण त्या बशीतही एकदा मला दोन मधमाश्या मेलेल्या दिसल्या.

एक दिवस दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर भांडं आपटल्याचा आवाज झाला. मुलगी रडायला लागली. मी धावत आले. आक्कांचं तांब्याचं फुलपात्र फरशीवर लोळत होतं, सगळीकडे पाणी सांडलेलं, आणि मुलीच्या हातावर वळ उठलेला. आक्कांच्या त्या वाकड्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

"माझ्या भांड्याला हात लावायचा नाही हिने," आक्का म्हणाल्या. "पाणी प्यायचं तर आपल्या घरी जाऊन प्यायचं. कळलं?"

मला कळलं ते एवढंच, की आपण माळ्याचे. तीन वर्षं सख्ख्या नातीसारखं खेळवलं, तरी शेवटी भांडं ते भांडंच. मी मुलीला उचललं आणि आमच्या खोलीत आले. त्या दिवसापासून तिला मी बंगल्याच्या पुढच्या अंगाला जाऊ दिलं नाही. दोन दिवसांत तिचं पोट बरं झालं, आणि त्याचा मी काहीच अर्थ लावला नाही.

त्याच आठवड्यात आक्कांनी मला पत्र लिहायला बसवलं. एरवी त्या दोन पानं सांगत. त्या दिवशी म्हणाल्या, "लिही. इकडे सर्व ठीक आहे. आंब्याला मोहर चांगला आहे. तू लवकर ये. एवढंच." मग म्हणाल्या, "वाचून दाखव." मी वाचलं. "परत वाच." मी परत वाचलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कागदाकडे नाही. मी पत्ता घातला आणि यजमान ते टपालात टाकून आले.

पुढच्या वेळी ठाकरीण बाई आली तेव्हा ताटापाशी खच पडला होता. आता तर येणारी पाखरंही कमी झाली होती. भिंतीतलं पोळं गप्प होतं. तिने मोळी उतरवली, खाली बसली आणि एक मेलेली माशी तळहातावर घेऊन बघितली. वाळूला हात लावला नाही.

"पानी कुटलं घालतेस?"

"झऱ्याचं."

"झऱ्याचं मी पन पिते. मी मेले नाय." तिने माशी खाली ठेवली. "तुजी पोर बरी हाय?"

"आता बरी आहे."

"आता म्हंजे?"

मी तिला मुलीचं सांगितलं. आक्कांचं सांगितलं. दोन्ही गोष्टी मी तोवर कधी एका दमात बोललेच नव्हते.

ती उठली आणि म्हणाली, "दोन खापऱ्या घे. एकीत तुज्या घरचं पानी घाल, एकीत बाईंचं. आन् माती नवी घाल. मग बग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तसं केलं. आंब्याच्या दोन बाजूंना दोन खापऱ्या ठेवल्या, दोन्हींत नदीची नवी वाळू आणि चिमूटभर मीठ. मधमाश्या कुठून तरी लांबून येत होत्या, थोड्याच. दुपार व्हायच्या आत आक्कांच्या डब्यातल्या पाण्याच्या खापरीभोवती सात पडल्या होत्या. दुसरीवर दोन पिवळी फुलपाखरं पंख मिटून बसली होती, निवांत.

यजमान कलिंगडाच्या वाफ्यातून आले. मी त्यांना दोन्ही खापऱ्या दाखवल्या. त्यांनी बघितलं. मग आत जाऊन तो डबा उचलला, उन्हात आणून पालथा केला, जोडात बोट घातलं. बोटाला पांढरं लागलं. ते तसेच दहिवलीला गेले. बंगल्याचं छप्पर ज्याने केलं होतं तो म्हातारा सुतार तिथे राहत होता. परत आले तेव्हा उंबऱ्यातच बसले.

"तुळयांना वाळवी लागू नये म्हणून सोमलाचं विष कालवून लावलं होतं," ते म्हणाले. "त्याचाच डबा."

मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता आक्कांना सांगते."

"कुणाला सांगायचं नाही."

"अहो, त्या रोज पितायत ते."

"आजपासून नाही पिणार. माठ भरून ठेव त्यांचा, काहीतरी सांग. पण डब्याचं बोलू नकोस. फौजदार आला तर काय विचारील? एका कावडीचं पाणी. तुम्ही दोघं ठणठणीत, आणि बाई तेवढी आजारी. डबा कुणी आणला? मी. पाणी कुणी पाजलं? तू. पत्रं कोण लिहितं? तूच. आपलं कोण ऐकेल?"

ते बोलले त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. तोवर मी असा विचार केला नव्हता. आपण काहीच केलेलं नाही आणि तरी सगळं आपणच केलंय, असं पहिल्यांदा मला दिसलं. त्यांनी डबा ठेचून सपाट केला आणि खोल खड्ड्यात पुरला. ताटातली वाळूही त्याच खड्ड्यात टाकली, आणि गाय तिकडे जाऊ नये म्हणून वर काटेरी फांद्या रचल्या.

एक दिवस मी गप्प राहिले. माठातलं पाणी आक्कांना नेऊन दिलं, त्यांनी "ठेव तिथे" म्हटलं. भांडं खाली ठेवताना मी बघितलं, खुर्चीमागच्या कुंडीतली माती ओली होती आणि तिच्यातलं तुळशीचं रोप वाळून काळं पडलं होतं.

मी तिथेच फरशीवर बसले आणि सगळं सांगितलं. डबा, पांढरा थर, सुतार, खापऱ्या. यजमानांनी बोलू नको म्हटलं तेही सांगितलं.

शेवटी त्या म्हणाल्या, "पाण्यात काहीतरी आहे हे मला कळलं होतं. पंधरा दिवस झाले. पाणी प्यायलं की कळ यायची. मग मी बशीत ओतून बघितलं."

"मग मला का नाही विचारलंत?"

"विचारलं असतं, आणि तूच असतीस तर?"

मी पाण्याचं भांडं बाजूला सारलं.

"मला चालता येत नाही," आक्का म्हणाल्या. "लिहिता येत नाही. हाक मारली तर ऐकायला तूच. पोरीने भांडं उचललं तेव्हा मात्र माझ्याच्याने बघवलं नाही. तेव्हा वाटलं, तू नसशील. मग वाटलं, तुला ठाऊक नसेल पोरगी इथलं पाणी पिते ते." त्या थांबल्या. "मग दोन्ही वाटत राहिलं."

पंधरा दिवस ती बाई रोज माझ्या हाताला धरून खुर्चीत येऊन बसत होती, माझ्या हातचं जेवत होती. जेवण तरी कसं टाळणार. आणि मी तिला औषधाच्या वेळा सांगत होते.

आठ दिवसांनी पत्राप्रमाणे त्यांचे भाऊ मुंबईहून आले. बहिणीची वाळलेली कुडी बघून ते घाबरले. यजमान गोठ्याशी उभे होते, पुढे यायची हिंमत होत नव्हती. मी चहाचा कप घेऊन गेले तेव्हा आक्का म्हणत होत्या, "उन्हाने झालं. आता बरं आहे. ही करते सगळं." भाऊ त्यांना मुंबईला न्यायला निघाले होते. त्या गेल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की पाण्यासाठी मोठे माठ पाठव, पत्रा घरात नको.

आम्हाला त्यांनी काढलं नाही. पण भाऊ गेले त्या दुपारी मी फुलपात्र भरून पुढे केलं, तर त्यांनी ते घेतलं नाही.

"आधी तू पी," आक्का म्हणाल्या.

मी माझ्या ओंजळीत ओतून घेतलं आणि प्यायले. त्यांनी मनात थोडं मोजल्यासारखं केलं आणि मग भांडं तोंडाला लावलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, कधी टोमणा मारला नाही. पुढे परत हसायला-बोलायला लागल्या, मुलीला मांडीशी घेऊन गोष्टी सांगायला लागल्या, वर्तमानपत्र ऐकायला लागल्या. पण पाणी आलं की त्यांचा चेहरा उतरायचा आणि त्या माझ्याकडे बघत थांबायच्या. ही शिक्षा होती की भीती, हे मी त्यांना विचारलं नाही.

त्या साली दुधीला आणि कलिंगडाला फळ धरलं नाही. फुलं येत आणि गळून जात. यजमान सकाळी उठून नराची फुलं खुडत आणि एकेका मादी फुलावर हाताने घासत, माश्यांचं काम स्वतः करत. फुलपाखरांसाठी आक्कांनी नवं ताट पुरायला लावलं, दुसऱ्या जागी, नव्या वाळूचं, गोठ्यातल्या मातीचं. त्याचं पाणी यजमान स्वतः घालत, थेट झऱ्यावरून मडक्यात आणलेलं. महिनोन् महिने तिथे काही बसलं नाही. भाद्रपद उलटल्यावर कधीतरी दोन पिवळी दिसली.

एका सकाळी मी आक्कांचं पाणी घेऊन व्हरांड्यात आले, तर यजमान पायरीशी उभे होते. ते कधी व्हरांड्यात येत नसत. त्यांनी माझ्यापुढे ओंजळ धरली. मी आक्कांकडे बघितलं. आक्का बराच वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मान डोलावली. मी यजमानांच्या ओंजळीत पाणी ओतलं, ते प्याले, हात धोतराला पुसले आणि वाफ्याकडे निघून गेले.

तेव्हापासून पहिला घोट त्यांचा. आक्का त्यानंतर दोन वर्षं जगल्या. तळपायांच्या मुंग्या शेवटपर्यंत गेल्या नाहीत. त्या गेल्या त्या सकाळीही यजमान पायरीशी येऊन उभे होते. मी आतून बाहेर येऊन त्यांना सांगितलं, तरी त्यांची ओंजळ लगेच खाली आली नाही.